जुन्या डेस्कटॉपचा पंखा बदलायचा आहे? आधी एवढं जुळवून ठेवा

पंखा बदलणं हे तसं अर्ध्या तासाचं काम. पण दहा-बारा वर्षं वापरलेल्या डेस्कटॉपवर ते अर्ध्या तासात उरकतं, ते बाकीची जुळवाजुळव आधी झालेली असेल तरच. प्रोसेसरवरचा कूलर (पंखा आणि त्याखालचा धातूचा हीटसिंक) एकदा उचलला की खालची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाया गेली. मग ‘पंखा मापाचा निघाला नाही, उद्या दुसरा आणू’ म्हणत जुना कूलर तसाच परत ठेवून आजचं काम भागवता येत नाही. म्हणून नवा पंखा आणि नवी पेस्ट टेबलावर आल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून टाका.

इथे डोळ्यांसमोर आहे ते २०११-१२ च्या सुमाराचं मशीन. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा कोअर आय३, एलजीए ११५५ सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा), डीडीआर३ रॅम आणि प्रोसेसरच्या खोक्यातच आलेला इंटेलचा गोल कूलर. दुकानात टॅली, सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सच्या पावत्या, घरात कुणाचं तरी एक्सेल अशी कामं ही मशीनं अजून निमूटपणे करताहेत.

पाकीट काढण्याआधी दोष पंख्याचाच आहे ना, ते बघायचं. कॅबिनेटमध्ये फिरणाऱ्या वस्तू बऱ्याच असतात. प्रोसेसरचा पंखा, मागचा पंखा, एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पंखा, असलं तर ग्राफिक्स कार्डाचा, शिवाय हार्ड डिस्क. साइड पॅनल काढून जाड कागदाची पुंगळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं प्रत्येकाजवळ नेऊन ऐका, पात्यांपासून मात्र लांब ठेवून. सकाळी सुरू करताना खरखर आणि जरा वेळाने शांत, तर बेअरिंगमधलं वंगण सुकलंय, पंखा जायच्या मार्गावर आहे. ठरावीक अंतराने टक्‌टक् येत असेल आणि ती हार्ड डिस्कमधून असेल, तर पंख्याचा विषय तिथेच थांबवा आणि पहिल्यांदा डेटा बाहेर काढा.

मशीन आपोआप बंद पडत असेल तर कधी बंद पडतं याकडे लक्ष द्या. दहा-पंधरा मिनिटं चालून, त्यातही काम जड असताना बंद पडलं, तर उष्णतेवर संशय घ्यायला हरकत नाही. बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत बंद होत असेल तर कूलरची एखादी पिन सुटली आहे का ते बघा. ती जागेवर असेल तर मग एसएमपीएस, रॅम किंवा कुठेतरी शॉर्ट. आणि लाइट जरा हलली की रीस्टार्ट होत असेल, तर बिचाऱ्या पंख्याचा काही दोष नाही, बहुधा यूपीएसची बॅटरी गेली आहे. यूपीएस बाजूला करून एक दिवस थेट भिंतीवरच्या प्लगमधून मशीन चालवलं की हे कळतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की बरेच जण तिथूनच निदान करून टाकतात. मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, एवढंच ती नोंद सांगते. कशामुळे, ते सांगत नाही.

तापमान मोजायला कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर हा प्रोग्राम पुरे. निवांत असताना ४० ते ५० अंश, कामात ७०-७५ पर्यंत, तर काळजी नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या पुढे जाते, तेव्हा निवांत मशीनने ५५ दाखवले म्हणून घाबरू नका. ९० च्या वर जात असेल तर मात्र प्रकरण गंभीर. शंभरीजवळ हे प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर स्वतःला वाचवायला बंद होतात. ‘मशीन स्लो झालंय, विंडोज नवीन टाका’ या तक्रारीचं मूळ कधीकधी इथे असतं.

एवढं झाल्यावरही लगेच खरेदीला निघू नका. पंखा व्यवस्थित फिरतोय, पण त्याच्या खाली, हीटसिंकच्या पट्ट्यांच्या तोंडावर धुळीचा गच्च थर बसलाय, असं बऱ्याचदा असतं. वरून पंख्याची पाती स्वच्छ दिसतात म्हणून फसायला होतं. टॉर्च मारून पात्यांच्या फटींतून खाली बघा. मशीन बंद करून, वायर काढून, कॅबिनेट गॅलरीत न्या आणि मऊ ब्रश व ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. ती मोकळी सोडली तर भलत्या वेगाने फिरतात, बेअरिंगची उरलीसुरली रया जाते आणि पंखा उलट वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकतो. साफसफाईने तापमान १५-२० अंशांनी उतरलं तर खरेदीची गरजच नाही.

स्टिकर सोलून बेअरिंगमध्ये मशीन ऑइलचा थेंब सोडायचा, हा आपल्याकडचा हुकमी उपाय. नवा पंखा येईपर्यंतचे दिवस ढकलायला तो ठीक आहे, त्यावर वर्ष काढू नका. खोबरेल तर नकोच, थंडीत गोठतं.

आता माप. पंख्याचं माप पात्यांचं नसतं, चौकटीचं असतं, एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. कॅबिनेटच्या मागचा पंखा ८०, ९२ किंवा १२० मिलिमीटरचा असतो, जाडी बहुतेक २५. पट्टीने नीट मोजा, कारण नुसत्या नजरेला ८० आणि ९२ सारखेच वाटतात आणि स्क्रूची भोकं मात्र जुळत नाहीत. प्रोसेसरच्या कूलरचं गणित वेगळं. तिथे मदरबोर्डवरच्या चार भोकांमधलं अंतर महत्त्वाचं. कोअर २ ड्युओच्या जमान्यातल्या एलजीए ७७५ ला ते ७२ मिलिमीटर, ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सगळ्यांना ७५, आणि नंतरच्या १७०० ला ७८. त्यामुळे आपल्या ११५५ ला १२०० चा कूलर खुशाल बसतो, ७७५ चा नाही आणि फक्त १७०० साठी बनलेलाही नाही. दुकानदार ‘बसतो हो साहेब, सगळ्याला बसतो’ म्हणाला तरी खोक्यावर सॉकेटचा नंबर वाचूनच पैसे द्या. मदरबोर्डचं मॉडेल विंडोज चालू असतानाच सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये पाहून लिहून ठेवा. मशीन उघडल्यावर ते धुळीखाली शोधत बसावं लागतं.

इंटेलच्या त्या गोल कूलरचा नुसता पंखा वेगळा मिळवण्यापेक्षा हीटसिंकसकट अख्खा कूलर घेणं सोपं. प्लग तीन पिनचा की चार, तेही बघा. चार पिनांत एक पिन वेग कमीजास्त करण्याचा इशारा नेते. तीन पिनचा पंखा चार पिनच्या जागी बसतो आणि चालतो, फक्त अनेक बोर्डांवर तो कायम पूर्ण वेगाने घोंघावत राहतो. हा आवाज रात्रीच्या शांततेत चालेल का, याचा विचार दुकानातच करा.

कंपनीतून निघालेली सेकंडहँड डेल किंवा एचपी मशीनं हा वेगळा प्रांत आहे. डेलच्या काही ऑप्टिप्लेक्स मशीनांमध्ये पंख्याचा प्लगच पाच पिनांचा असतो, कूलर बसवायची पद्धतही त्यांची स्वतःची, आणि बाहेरचा पंखा लावला की दर वेळी सुरू होताना पंखा बिघडल्याची सूचना. अशा मशीनचा जुना पंखा काढून त्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर टिपायचा आणि त्याच नंबरचा मागायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे सुटे भाग धुंडाळायला जाणार असाल तर जुना पंखा पिशवीत टाकूनच जा. तोपर्यंत मशीन बंद राहणार, हे घरात किंवा दुकानात आधी सांगून ठेवा.

पंख्यासोबत आणायच्या बाकीच्या वस्तू थोड्या आहेत. थर्मल पेस्टची छोटी ट्यूब. बहुतेक नव्या कूलरच्या बुडाला पेस्ट लावलेलीच येते, तरी ट्यूब जवळ असू द्या, कारण पहिल्या खेपेला कूलर नीट बसला नाही आणि परत उचलावा लागला तर ती पेस्ट संपली. जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या मऊ धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा. कापूस नको, त्याचे तंतू चिकटून राहतात. दोन नंबरचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर, चांगला लांब. खोडरबर. बोर्डावरचा सेल, सीआर २०३२, कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. मशीन उघडतोच आहोत तर तोही बदलून टाकावा. स्क्रू ठेवायला दोन वाट्या. जाड आट्यांचे कॅबिनेटचे आणि बारीक आट्यांचे डीव्हीडी ड्राइव्हचे स्क्रू एकत्र झाले की चुकीचा स्क्रू जबरदस्तीने पिळला जातो आणि भोकाचे आटे जातात.

सेल काढणार असाल तर त्याआधी बायोसचे (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगचे) सगळे स्क्रीन मोबाइलवर टिपून घ्या. त्यातलं साटा मोड, म्हणजे मशीनने हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत, हे एक सेटिंग फार महत्त्वाचं. सेल काढल्यावर ते एएचसीआयचं आयडीई झालं किंवा उलट, तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं आणि माणूस हार्ड डिस्क गेली म्हणून कपाळावर हात मारतो. डेटाचा बॅकअप आदल्या रात्रीच. टॅलीचं फोल्डर, फोटो, पीडीएफ बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि तो ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून बघा.

कामाच्या दिवशी मशीन आधी दहा मिनिटं चालवा. पेस्ट जरा ऊबदार आणि सैल होते. एएमडी कंपनीच्या जुन्या सॉकेटवर हे फारच गरजेचं, कारण तिथे सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर कूलरसोबत उपटून येतो आणि पिना वाकतात. तिथे कूलर आधी डावी-उजवीकडे हलकासा फिरवायचा, मग उचलायचा. त्यानंतर शटडाउन, वायर भिंतीतून काढायची, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. कॅबिनेट टेबलावर आडवं, सतरंजीवर नाही. आत हात घालण्याआधी आणि मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करत राहा. कुठली वायर कुठे जाते याचे चार-पाच फोटो घ्या, विशेषतः पुढच्या बटणांच्या बारीक वायरींचे.

इंटेलच्या कूलरला चार काळ्या पिना असतात, त्यांच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. पंख्याचा प्लग आधी काढा. प्रत्येक पिन बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर खेचली की सुटते. जुनी पेस्ट पुसताना प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्या. या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या नाजूक, आणि त्या उघड्या पाडायचं काही कारण नाही. नव्या कूलरला पेस्ट नसेल तर मध्यभागी मसुराच्या दाण्याएवढी पुरे, बोटाने पसरू नका. नवा कूलर ठेवण्याआधी चारही पिना फिरवून मूळ जागी आणलेल्या असाव्यात, डोक्यावरची खाच कूलरच्या मध्याकडे नाही ना ते बघा. मग चारही टोकं भोकांत अलगद बसवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना एकदम दाबा, त्यानंतर उरलेल्या दोन. प्रत्येकीचा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. बोर्ड थोडा वाकतो, छातीत धस्स होतं, पण तेवढा जोर लागतोच. शेवटी प्रत्येक कोपरा हलकेच वर ओढून बघा; एक जरी हलला तर ती पिन बसलेली नाही. शक्य असेल तर बोर्डाच्या मागे टॉर्चने पाहून चारही पिनांची काळी टोकं पूर्ण बाहेर आली आहेत का ते तपासा.

मागचा पंखा त्यामानाने किरकोळ. चार स्क्रू, एक प्लग. फक्त दिशा चुकवू नका: स्टिकर आणि आडव्या दांड्या ज्या बाजूला, तिकडे हवा फेकली जाते. मागचा पंखा हवा बाहेर टाकणारा हवा, म्हणून स्टिकरची बाजू भिंतीकडे.

पहिल्यांदा चालू करताना पॅनल उघडंच ठेवा. एकही वायर पात्यांत अडकत नाही हे बघून बटण दाबा आणि थेट बायोसमध्ये जाऊन तापमानाच्या पानावर दहा मिनिटं नजर ठेवा. आकडा चढत जाऊन एका जागी स्थिरावला पाहिजे. थांबायचं नावच घेत नसेल तर लगेच बंद. पिन बसलेली नाही. ‘सीपीयू फॅन एरर’ आला तर प्लग मागच्या पंख्याच्या जागी लागलाय का ते पाहा. पडद्यावर काहीच येत नसेल आणि नुसते बीप वाजत असतील, तर रॅम काढा, तिचे सोनेरी पट्टे खोडरबराने पुसा, परत घट्ट बसवा. कूलर दाबताना रॅमला धक्का लागणं अगदी नेहमीचं. तारीख-वेळ आणि साटा मोड फोटोवरून पुन्हा भरा.

एवढं करून आवाज एसएमपीएसमधूनच येत असल्याचं लक्षात आलं, तर तो डबा उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर वायर काढल्यानंतरही काही काळ तीनशेहून अधिक व्होल्ट असू शकतात. अख्खा एसएमपीएस बदला, आणि त्याच वेळी मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघून घ्या. डोकी फुगलेली किंवा तपकिरी चिकट द्रव आलेला दिसला, तर त्या मशीनवर आणखी पैसे घालायचे का, हा प्रश्न उभा राहतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाहीत. माझं मत विचाराल तर कूलर, सेल आणि एसएमपीएस एवढ्यात भागत असेल तर करावं, विंडोजऐवजी लिनक्स टाकून मशीन आणखी काही वर्षं चालतं; बोर्ड गेला असेल तर हात आखडता घ्यावा.

सगळं ठीक चाललं की साइड पॅनल दोन्ही स्क्रूंनी बंद करा. उघडं ठेवलं की थंड राहतं, या समजुतीपायी आत धूळ, मुंग्या आणि पाली येतात. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद खणात कॅबिनेट कोंबलेलं असेल तर ते बाहेर काढून मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा, नाहीतर नवा पंखा तीच गरम हवा फिरवत बसेल.