कॉलेज खेळाडू आणि दारूच्या ब्रँडशी करार : या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांमधली मुलं आता टेनिस, पोहणं, गोल्फ यांसाठी कॉलेजच्या संघांत निवडली जातात. १ जुलै २०२१ पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून कमाई करायची मोकळीक दिली. त्यालाच सगळे एनआयएल (नेम, इमेज, लाइकनेस) म्हणतात. मग इन्स्टाग्रामवर थोडे फॉलोअर्स जमले की गावातली एखादी ब्रुअरी (बिअर बनवणारी कंपनी) नाहीतर बार जाहिरातीसाठी मेसेज करतो. रक्कम किरकोळ असते. पण गडबड झाली तर मुलाचं खेळणंच अडकू शकतं, म्हणून हे आधी वाचा.

'२१ पूर्ण झाली, मग काय हरकत?'

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. २१ हे दारू विकत घेण्याचं वय आहे. जाहिरात करता येईल की नाही, हे त्यावरून ठरत नाही. एनसीएएच्या नियमांत दारूचा उल्लेख शोधत बसण्यातही अर्थ नाही, कारण कोणत्या वस्तूंची जाहिरात चालेल हा विषय मुख्यतः राज्याचे कायदे आणि विद्यापीठांची धोरणं यांच्यावर आहे. टेक्सास, पेनसिल्व्हेनिया आणि इलिनॉय यांच्या कायद्यांनी कॉलेज खेळाडूंना दारू, तंबाखू आणि जुगाराच्या जाहिराती बंद केल्या आहेत. जिथे कायदा गप्प आहे, तिथेही विद्यापीठ नकार देऊ शकतं. मुलगा बदली घेऊन दुसऱ्या राज्यात गेला, तर जुना करार तिथे चालेलच असं नाही. बदलीचा अर्ज भरतानाच हे विचारून घ्या.

शिवाय बिअर उद्योगाची स्वतःची आचारसंहिता आहे. जाहिरातीतल्या मॉडेलचं वय किमान २५ असावं, असं ती म्हणते. नामवंत खेळाडूंना त्यातून सूट आहे, पण त्यांचं आकर्षण प्रामुख्याने अल्पवयीनांना नसावं ही अट राहतेच. कॉलेज खेळाडूच्या मागे शाळकरी पोरं किती असतात, ते त्याच्या अकाउंटवर जाऊन पाहा.

'स्टेडियममध्ये तर सर्रास बिअर विकतात'

हो, विकतात. एसईसी या मोठ्या कॉन्फरन्सने (विद्यापीठांच्या संघांच्या गटाने) २०१९ मध्ये सर्वसाधारण प्रेक्षकांना बिअर विकण्यावरची बंदी उठवली. आयोवात २०२२ मध्ये 'स्वॉर्म गोल्डन एल' नावाची बिअर निघाली आणि तिच्या विक्रीतला वाटा खेळाडूंसाठी पैसा उभा करणाऱ्या गटाला मिळाला. अशा बातम्या वाचून पालकांना वाटतं, आता रान मोकळं झालं. पण विद्यापीठाने किंवा एखाद्या गटाने केलेला व्यवहार हा खेळाडूचा परवाना नव्हे. कॅन हातात धरून, विद्यापीठाची जर्सी घालून फोटो टाकला तर दारूचा प्रश्न बाजूलाच राहतो, विद्यापीठाचा लोगो परवानगीविना वापरल्याचा प्रश्न आधी उभा राहतो.

'हा तर नुसता सोडा आहे'

भारतात दारूच्या नावाचा सोडा आणि म्युझिक सीडी जाहिरातींत बघत मोठे झालेले आपण या पळवाटेला सरावलो आहोत. तिकडेही २०२२ मध्ये अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई झाली. अमेरिकेत बिनअल्कोहोल बिअर, ब्रुअरीचा टी-शर्ट, बारमधल्या 'विंग्ज नाइट'ची पोस्ट यांबद्दल राज्याराज्यांत शब्दरचना वेगळी आहे. कुठे फक्त दारूच्या जाहिरातीवर बंदी आहे, तर कुठे दारूशी संबंधित कुठल्याही गोष्टीवर. विद्यापीठाच्या कॉम्प्लायन्स ऑफिसला (खेळाडू नियम पाळतात का हे बघणाऱ्या कार्यालयाला) ईमेल करा आणि उत्तर लेखीच घ्या. प्रशिक्षकाने मान डोलावली, एवढ्यावर विसंबू नका.

व्हिसा

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या मुलाने अमेरिकेत राहून पैसे किंवा फुकट माल घेऊन प्रचार केला, तर ते विनापरवाना काम ठरू शकतं. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या आईवडिलांची एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरची मुलंही असं काम करू शकत नाहीत. त्यात एच-४ चा दर्जा २१ व्या वाढदिवशी संपतो आणि पुष्कळ मुलं एफ-१ वर जातात. म्हणजे बिअरवाल्यांचा फोन येण्याच्या वयातच व्हिसा सर्वांत नाजूक असतो. इथे दारू असो वा बूट, इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

पोस्ट आधीच पडली असेल तर

घाबरून गुपचूप डिलीट करू नका. आधी स्क्रीनशॉट, मेसेज आणि करार जपून ठेवा. त्याच दिवशी कॉम्प्लायन्स ऑफिसला कळवा, पोस्ट काढायची ती त्यांच्या सांगण्यावरून. पुढचा हप्ता घेऊ नका. बिअरचे खोके मिळाले असतील तर तेही सांगा, वस्तू हाही मोबदलाच. करारातलं रद्द करण्याचं कलम वकिलाला दाखवा आणि खेळणं संपल्यावरही फोटो वापरायचा हक्क ब्रँडला दिलाय का, ते बघा.

पोस्ट जाहिरात आहे हे स्पष्ट लिहिलं होतं का, तेही तपासा. ग्राहकहित पाहणाऱ्या एफटीसीची ती स्वतंत्र अट आहे. आणि डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटात, बाहेरच्या कंपन्यांचे ६०० डॉलर किंवा त्याहून मोठे करार २०२५ पासून 'एनआयएल गो' या यंत्रणेत नोंदवावे लागतात. तिथे नोंद राहून गेली असेल, तर तेही त्याच भेटीत सांगून टाका.