पानिपतावर प्रकल्प लिहिताना इतिहासाची साधने कशी ओळखावीत

शालेय पुस्तकात इतिहासाची साधने लिखित, भौतिक आणि मौखिक अशी शिकवली जातात. महाविद्यालयात गेल्यावर त्याच साधनांना प्राथमिक आणि दुय्यम अशी नावे मिळतात. दोन्ही वाटण्या उपयोगी आहेत, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिली वाटणी साधन कोणत्या रूपात आपल्यापर्यंत आले हे सांगते, तर दुसरी ते साधन आणि आपण विचारलेला प्रश्न यांच्यात किती अंतर आहे हे सांगते. म्हणून एखादा कागद प्राथमिक आहे की दुय्यम, हे तो कागद नुसता पाहून ठरत नाही. आधी प्रश्न ठरवावा लागतो. हे नीट उमगावे यासाठी येथे १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस झालेल्या पानिपतच्या लढाईचे उदाहरण घेतले आहे. या एका विषयावर जवळजवळ सर्व प्रकारची साधने उपलब्ध आहेत आणि त्यातली बरीचशी छापील स्वरूपात ग्रंथालयांत मिळतात.

सुरुवात समकालीन पत्रांपासून करावी. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालिकेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो १७५० ते १७६१ या काळातील पत्रव्यवहाराचाच आहे. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. मराठी सेनेचे सेनापती सदाशिवरावभाऊ बुंदेलखंडातील मराठी अंमलदार गोविंदपंत बुंदेल्यांना पैसा आणि रसद यांविषयी वारंवार लिहितात, तेव्हा लढाईचा शेवट काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. पत्राचे खरे मोल यातच आहे, कारण पुढे घडलेल्या गोष्टीची छाया त्यावर पडलेली नसते. मात्र पत्र म्हणजे निखळ सत्य असे समजू नये. पैसा मागणारा माणूस आपली अडचण वाढवून सांगतो आणि उत्तर देणारा आपली असमर्थता वाढवून सांगतो. त्यामुळे एका बाजूचे पत्र हाती आले की समोरच्या बाजूचे पत्र शोधलेच पाहिजे.

पत्राचा काळ ठरवणे हे नवख्या विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जाते. कित्येक पत्रांत ‘छ’ या अक्षरापुढे मुसलमानी महिन्याची तारीख असते आणि वर्षाचा पत्ताच नसतो. जिथे वर्ष दिलेले असते, तिथे ते बहुधा सुहूर सनात, अरबी अंकवाचक शब्दांनी लिहिलेले असते. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ हे शब्द पाहा. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, एकूण ११६१. सुहूर वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांसाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांसाठी ६०० मिळवावे. अशा रीतीने ११६१ हे वर्ष १७६०-६१ चे ठरते आणि पानिपत त्यात येते. पत्रावर ‘पैवस्ती’ची नोंद असेल तर तीही उतरवून घ्यावी. ती पत्र पोहोचल्याची तारीख असते. कोणाला कोणती बातमी केव्हा कळली, हा प्रश्न असेल तर लिहिल्याच्या तारखेपेक्षा ती अधिक कामाची ठरते.

यानंतर प्रत्यक्षदर्शींच्या हकिकती येतात. काशीराज पंडित हा अब्दालीच्या बाजूने असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि त्या छावणीतून त्याने लढाई पाहिली; परंतु त्याची फारसी हकिकत १७८० च्या सुमाराची आहे. लढाईच्या आधी भाऊंनी आपल्याला चिठ्ठी पाठवली आणि पेला आता काठोकाठ भरला आहे, अशा आशयाचा मजकूर तीत होता, असे तो सांगतो. विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. आपल्या हाती भाऊंची चिठ्ठी नाही, तर सुमारे एकोणीस वर्षांनंतर एका कारकुनाने आठवणीतून दिलेला तिचा मजकूर आहे, आणि आपल्यापैकी बहुतेक जण तो इंग्रजी भाषांतराच्या आधारे वाचतात. वाटाघाटीत काशीराजाची भूमिका काय होती आणि शुजाच्या छावणीत काय बोलले जात होते, यासाठी ही हकिकत प्राथमिक साधन आहे. भाऊंचे नेमके शब्द कोणते होते, यासाठी मात्र ती तितकी भरवशाची नाही. पानिपताहून जीव वाचवून परतलेल्या नाना फडणवीसांचे त्रोटक आत्मचरित्रही याच कसोटीने वाचावे.

बखरींविषयी विद्यार्थी दोन टोके गाठतात. एक तर बखरीतला प्रत्येक संवाद जसाच्या तसा उतरवतात, नाहीतर बखर म्हणजे भाकडकथा म्हणून ती उघडतही नाहीत. भाऊसाहेबांच्या बखरीतील खासगी संभाषणे कोणी समोर बसून टिपून घेतलेली नाहीत आणि बखरींमधील लाखांचे आकडे हिशेबाच्या कागदांशी ताडल्याशिवाय वापरता येत नाहीत, हे खरेच आहे. पण पराभवाचा दोष लोकांनी कोणाच्या माथी मारला, मल्हारराव होळकरांविषयी काय बोलले जात होते, हे जाणून घ्यायचे असेल तर बखरीला पर्याय नाही. भाऊंचा तोतया १७७६ साली मारला गेला, त्या प्रकरणाचे कागदही असेच आहेत. भाऊंचा मृत्यू कसा झाला याविषयी ते काही सांगत नाहीत. भाऊ परत यावेत असे किती जणांना मनापासून वाटत होते, हे मात्र ते दाखवतात.

मौखिक साधनांचा माग घेताना विशेष सावध राहावे. ‘विश्वास पानिपतात गेला’, ‘सव्वा लाख बांगडी फुटली’ ही वाक्ये मराठी माणसाच्या तोंडी आहेत आणि स्मृतीचे साधन म्हणून ती मोलाची आहेत. मृतांची संख्या म्हणून ती वापरता येत नाहीत. पानिपतावर संक्रांतीच्या दिवशीच संक्रांत कोसळली, असे सर्रास लिहिले जाते. परंतु इंग्रजी तारखेच्या हिशेबाने संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते, आणि १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. आजची १४ तारीख मागे नेऊन चिकटवल्यामुळे हा समज रूढ झाला.

दुय्यम साधने नंतर वाचावीत असे काही जण सुचवतात. ते मला पटत नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा पानिपतावरील ग्रंथ आधी वाचला तर कोणत्या पत्रावरून कोणता वाद आहे हे कळते आणि मूळ पत्र उघडताना नजर तयार होते. मात्र त्यांचे निष्कर्ष पत्रांशी ताडून पाहावेत. ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास हे पानिपतच्या लढाईसाठी दुय्यम साधन आहे, पण कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने मराठ्यांकडे कसे पाहिले हा प्रकल्पाचा विषय असेल, तर तोच ग्रंथ प्राथमिक ठरतो. पानिपतच्या पराभवाची बातमी सांकेतिक शब्दांत देणारा, दोन मोती गळाल्याचा आणि सत्तावीस मोहरा हरवल्याचा तो सुप्रसिद्ध सावकारी निरोपही या ग्रंथात इंग्रजीतून आलेला आहे. तो मराठीत उद्धृत करणाऱ्याने आपण तो कोठून घेतला हे लिहिलेच पाहिजे. विश्वकोश, पाठ्यपुस्तके आणि संकेतस्थळांवरील लेख पुढची दिशा शोधण्यासाठी वाचावेत, पुरावा म्हणून देऊ नयेत.

भौतिक साधनांबाबत एकच सूचना पुरेशी आहे. पानिपतजवळच्या काला आंब येथील स्मारक लढाईनंतर पुष्कळ काळाने उभारलेले आहे, त्यामुळे ते लढाईचे नव्हे तर आठवण जपण्याच्या परंपरेचे साधन आहे.

छापील खंडांवर न थांबता पुण्याच्या अभिलेखागारातील पेशवे दप्तर किंवा १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ गाठायचे असेल, तर आधी मोडी लिपी शिकावी. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, म्हणून माणसांची व गावांची नावे वाचताना हमखास चूक होते; शंका असेल तिथे आपले वाचन प्रश्नचिन्हासह नोंदवावे. कागद अस्सल आहे की नक्कल, शिक्का आहे की नाही, रुमालाचा (कागदांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक कोणता, हे त्याच वेळी टिपून ठेवावे. टीप देताना आपण जे प्रत्यक्ष वाचले तेच लिहावे: खंड पाहिला असेल तर खंड आणि पत्राचा क्रमांक, काशीराजाचे इंग्रजी भाषांतर वाचले असेल तर भाषांतरकाराचे नाव, आणि शेजवलकरांच्या ग्रंथात उद्धृत केलेले पत्र घेतले असेल तर ‘शेजवलकरांच्या आधारे’ असा स्पष्ट उल्लेख.