फडताळात बसणारं पीसी कॅबिनेट घरी बनवायचं तर

आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, जुनं, भिंती हातभर जाड, आणि टेबलाशेजारच्या भिंतीत एक फडताळ आहे ज्यात आजोबा हिशोबाच्या वह्या ठेवायचे. आतून रुंदी ३८० मिमी, खोली २९०, उंची ४२०. पीसी त्यात गेला तर टेबल मोकळं होतं. पण बाजारातलं एकही कॅबिनेट त्यात धड जाईना, जे जायचं त्याच्या मागे वायरींना जागा उरायची नाही, म्हणून शेवटी स्वतःच बनवलं. पैसे वाचतील म्हणून करणार असाल तर आत्ताच सोडून द्या. एकच नग लेझर कटिंगला दिला, वर पावडर कोटिंग केलं, की तेवढ्यात चांगलं रेडिमेड कॅबिनेट येऊन वर सेव उसळीचे पैसे उरतात.

पहिली गोष्ट, पार्ट आधी, डबा नंतर. "ग्राफिक्स कार्ड पुढे बघू" असं म्हणून माप काढलंत तर ते पुढे बघणं हमखास महागात पडतं. मदरबोर्डाची मापं ठरलेली असतात, इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स आणलं ते ३०५ बाय २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मी अर्थातच शेवटचं घेतलं. पॉवर सप्लाय साधा एटीएक्स घेतला तर तो १५० रुंद, ८६ उंच आणि खोली मॉडेलप्रमाणे १४० पासून पुढे, त्याऐवजी छोटा एसएफएक्स घेतला तर १२५ बाय ६३.५ बाय १००, म्हणजे जवळजवळ शिऱ्याच्या डब्याएवढा. ग्राफिक्स कार्डाचं मात्र काही खरं नाही, प्रत्येकाची लांबी वेगळी, त्यामुळे ते हातात घेऊन मोजायचं. कार्डाची जाडी स्लॉटमध्ये मोजतात, एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिमी, आणि मिनी आयटीएक्समध्ये कार्ड खोचायचा स्लॉट बोर्डाच्या अगदी कडेला असतो, त्यामुळे दोन स्लॉटचं कार्ड लावलं की ते बोर्डाच्या बाहेर लटकतं. बोर्ड १७० चा आहे म्हणून आतून १७५ पुरेल असं वाटतं, ते पुरत नाही, आणखी ३५-४० धरा आणि शिवाय कार्डाच्या पंख्यांसमोर निदान १५-२० मोकळे ठेवा नाहीतर ते पॅनेललाच तोंड लावून बसतील.

पार्टांच्या मापात फारसं कुणी चुकत नाही, ती डेटाशीटवर असतात. चूक होते ती पार्टांच्या मधल्या रिकाम्या जागेत. बोर्डाला वीज देणारा २४ पिनचा कनेक्टर लावल्यावर त्याची जाड वायर वळायला ३५-४० मिमी लागतात. कार्डाच्या वरचा पॉवर कनेक्टर, विशेषतः नवीन १६ पिनवाला, त्याची वायर निघाल्या निघाल्या वाकवायची नसते, पहिले ३५ मिमी सरळ जाऊ द्यायचे. एचडीएमआयची पिन पोर्टातून केवढी बाहेर येते बघा एकदा. आणि सगळ्यात विसरली जाणारी जागा म्हणजे तुमचा स्वतःचा हात. रॅमची पट्टी काढायची झाली तर दोन बोटं आत जातायत का? स्क्रूड्रायव्हर सरळ उभा राहतोय का? माझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये सगळं बसत होतं, फक्त पॉवर सप्लायचा शेवटचा स्क्रू लावायचा तर बोर्ड काढावा लागत होता आणि बोर्ड काढायचा तर पॉवर सप्लाय.

त्यासाठी पुठ्ठा. कुलरच्या नाहीतर वॉशिंग मशीनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, कटर आणि मास्किंग टेप घ्या आणि पूर्ण मापाचा डबा आधी पुठ्ठ्याचा करा. कार्ड अजून आलं नसेल तर त्याच्याही मापाचा पुठ्ठ्याचा ठोकळा करा. बोर्डाचं भोकांचं ड्रॉइंग ए४ वर प्रिंट करा, १७० चा बोर्ड ए४ वर आरामात बसतो (एटीएक्सला ए३ लागतो), फक्त प्रिंट करताना "फिट टू पेज" काढून १०० टक्के ठेवा आणि प्रिंट आल्यावर पट्टीने १७० खरंच १७० आहे का ते मोजा. झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रिंटरवर अजिबात विश्वास ठेवू नका, माझ्याकडे १६४ आलं होतं.

आता माझी फजिती सांगतो. मिनी आयटीएक्सला चार भोकं असतात आणि चार भोकं म्हटल्यावर माणूस चौकोन काढतो. मीही काढला. पण ती चौकोनात नसतात, एका बाजूला दोन भोकांतलं अंतर १५४.९४ आणि समोरच्या बाजूला १३२.०८, म्हणजे एक भोक साधारण २३ मिमी आत सरकलेलं असतं. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ज्यांच्याकडे पत्रा कापायला दिला त्या काकांनी स्क्रीनवर बघून विचारलं पण होतं, "आ चोथुं होल बराबर छे ने?" आणि मी मोठ्या ऐटीत "हा काका, एकदम बराबर" म्हणून चहा प्यायलो. प्लेट कापून आली, घरी बोर्ड ठेवला, तीन भोकं जुळली आणि चौथ्याच्या जागी नुसता चकचकीत पत्रा. ती प्लेट आता आई गरम कुकरखाली ठेवते. म्हणून सांगतो, मापं कुणाच्या फोटोवरून घेऊ नका, तुमचा स्वतःचा बोर्ड त्या कागदावर ठेवा आणि चारही भोकांतून टाचणी घाला.

मटेरियल. प्लायवूड घरच्या घरी करवतीने कापता येतं, चुका झाकता येतात, ९ किंवा १२ मिमी चांगलं, पण ड्रॉइंगमध्ये जाडी दोन्ही बाजूंनी धरायची विसरू नका, १२ ची दोन पॅनेल म्हणजे २४ मिमी गेलेच. एमडीएफ बडोद्याच्या पावसाळ्यात फुगतं, कडेला पाणी लागलं की संपलं. अ‍ॅक्रिलिक दिसायला भारी, पण स्क्रू आवळताना भोकापासून तडा जातो, म्हणून भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवायचं, वॉशर घालायचा आणि दात-ओठ खाऊन आवळायचं नाही. पीव्हीसीची शीट मात्र लेझरला देऊच नका, त्यातून क्लोरीनवाला विषारी धूर निघतो, शहाणा कटिंगवाला स्वतःच नाही म्हणेल. मी अ‍ॅल्युमिनियम घेतलं, २ मिमी. वाकवायचं असेल तर ५०५२ ग्रेड मागा, ६०६१ टणक असतं आणि कडक बेंड दिला तर वळणावर चिरतं.

ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड किंवा लिब्रेकॅड, दोन्ही फुकट आहेत. फाइल डीएक्सएफमध्ये, मिमीमध्ये, एकास एक. भोक पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान नको आणि बेंडच्या अगदी जवळ नको, नाहीतर वाकवताना ते अंड्यासारखं लांबट होतं. बेंडमध्ये माप किती खाल्लं जाईल याचं गणित स्वतः करत बसू नका, काकांना सांगायचं की मला बाहेरून बाहेर २३० पाहिजे, त्यांच्या मशीनला कोणती डाय आहे ते त्यांनाच माहीत. मागच्या पोर्टांची खिडकी १५८.७५ बाय ४४.४५, १२० च्या फॅनची भोकं १०५ वर आणि १४० च्या फॅनची १२४.५ वर, हे आकडे वहीत लिहूनच ठेवा. आणि काम दिवाळीच्या तोंडावर देऊ नका हो, "थई जशे" म्हणतात आणि मग लाभपंचमीपर्यंत शटर उघडत नाही.

बोर्डाखाली स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब, लागतात, साधारण साडेसहा मिमी उंचीचे, कारण बोर्डाच्या पाठीवरचे टाके पत्र्याला टेकले तर शॉर्ट. पत्र्यात आटे पाडायचे तर एम३ घ्या, २.५ चं ड्रिल मारून वर टॅप फिरवायचा. कॅबिनेटचे नेहमीचे जाड आट्यांचे स्क्रू ६-३२ असतात, ते पॉवर सप्लायला लागतातच, पण २ मिमी पत्र्यात एम३ ला चार आटे मिळतात आणि ६-३२ ला जेमतेम अडीच, ते दोनदा उघडलं की फिरायला लागतं. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा न्यायचा, तेलाचा थेंब टाकून. मी घाई केली आणि एक टॅप आतच तुटला. सगळ्या कडांवरून कानस फिरवा, लेझरची कड बोटं कापते. आणि हे सगळं झाल्यावर पत्रा साबणाने धुवायचा, कारण अ‍ॅल्युमिनियमचा कीस बोर्डावर पडला तर पुढचं सांगायला नको.

पावडर कोटिंगला द्यायच्या आधी आटे आणि जिथे पत्र्याला पत्रा टेकतो त्या जागा टेपने झाकायला सांगा. कोटिंगमुळे भोकं बारीक होतात ते एक, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, रंग वीज वाहू देत नाही. पॉवर सप्लायची बॉडी प्लगमधून अर्थिंगला जोडलेली असते, प्रत्येक पॅनेल तिच्याशी उघड्या धातूने जोडलेलं पाहिजे. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक पिन प्लगच्या मोठ्या अर्थ पिनला आणि दुसरी प्रत्येक पॅनेलच्या स्क्रूला लावायची, अर्थात प्लग भिंतीतून काढून. सगळीकडे बीप आलं पाहिजे. पॉवर सप्लाय आतल्या बाजूला असेल तर मेनची वायर बाहेर आणायला तयार एक्स्टेंशन मिळते तीच घ्या, २३० व्होल्टला घरचा टाका नको, आणि पॉवर सप्लाय उघडायचा तर विचारही नको.

चालू करायचं बटण सोपं आहे. दारावरच्या बेलसारखं, दाबलं की जोडतं आणि सोडलं की तुटतं असं हवं, ते बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर जोडतं, बस. उलटसुलट कसंही लावा. दिव्याला मात्र प्लस-मायनस असतं, आणि बटणातला दिवा ५ व्होल्टवाला घ्या, १२ चा घेतलात तर निरांजनासारखा मिणमिणतो. बोर्ड कॅबिनेटमध्ये घालायच्या आधी बोर्डाच्याच खोक्यावर ठेवून एकदा चालू करून बघा, म्हणजे नंतर काही बिघडलं तर दोष डब्याचा की पार्टाचा हा वाद राहत नाही.

राहिली हवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि फडताळ तीन बाजूंनी बंद, म्हणजे मागून गरम हवा सोडणं शक्यच नव्हतं. म्हणून बोर्ड नव्वद अंशात फिरवला, पोर्ट छताकडे, वायरी वरून मागे सोडल्या, थंड हवा पुढच्या १२० च्या फॅनने आत आणि गरम वरून बाहेर. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त ठेवली की फटींतून धूळ शिरत नाही, ती फॅनच्या जाळीवरच अडकते, जाळी म्हणजे खिडकीची मच्छरवाली, महिन्यातून एकदा ब्रशने झटकायची. फॅनसमोर बारीक भोकांची नक्षी काढू नका, अर्धी हवा तिथेच अडते आणि वर शिट्टी वाजते.

तरी कार्ड तापायचं. पंखे पूर्ण वेगात, तापमान ८४. मग देवघरातली उदबत्ती आणली आणि डब्याच्या कडेकडेने फिरवली. धूर वरून बाहेर पडत होता, फडताळाच्या छताला आपटून पुढे येत होता आणि तिथून खाली वळून सरळ पुढच्या फॅनमध्ये परत जात होता, म्हणजे तीच गरम हवा गोल गोल. उरलेल्या पत्र्यातून चार इंचाची पट्टी कापली, डब्याच्या वरच्या पुढच्या कडेला छज्जासारखी बसवली. पुन्हा उदबत्ती फिरवली. आता धूर छज्जावरून बाहेर खोलीत गेला आणि वर पंख्याच्या वाऱ्यात विरला. कार्ड ७५ वर थांबलं, आणि आई आतून ओरडली की भरदुपारी उदबत्ती कोणी लावली.