वर्षावासात थेरीगाथा वाचायचीय? पाण्यापासून सुरू करा

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत, बुद्धविहारात ग्रंथवाचन असतंच, एक जण माइकवर वाचतो आणि मागे बायका पेंगतात, मीही पेंगलेय. यंदा बायकांचा वेगळा वर्ग घ्यायचा असेल तर थेरीगाथा घ्या, म्हणजे जुन्या बौद्ध भिक्खुणींच्या पाली कविता. ७३ आहेत, पण पहिल्या पानापासून नको, सरळ पुण्णेवर जा.

पुण्णा ही एक दासी. 'उदहारी अहं सीते', मी पाणी भरणारी, थंडीतही मालकिणीच्या माराच्या आणि शिव्यांच्या धाकानं नदीत उतरणारी. तिथं एक ब्राह्मण पाप धुवायला कुडकुडत आंघोळ करतोय, तर ही त्याला म्हणते, पाण्यानं सुटका होत असेल तर बेडूक, कासवं, साप, सुसरी सगळेच स्वर्गात जातील की! आणि नदी पाप वाहून नेते तर पुण्यही नेईल.

इथं हशा पिकतोच. मग लगेच भाषण ठोकू नका, एवढंच विचारा की तुमच्याकडे पाणी कोण भरतं, किती वाजता? आमच्याकडे एक मावशी म्हणाल्या, नळाला पहाटे चारला पाणी येतं, पण सून आल्यापासून मी सुटले बाई. सून शेजारीच बसली होती, कुणी काही बोललं नाही, मावशीच मग पदर चाळत बसल्या.

असं बोलणं परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि जिची जी बोली त्यातच उतरवा, वऱ्हाडी तर वऱ्हाडी, 'शुद्ध' करायला जाऊ नका. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवारांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' केलं, १९८९ साली. ते वर्गात असू द्या, आपलं बोलणंही इतिहास असतं हे बायकांना पटतं.

कुणीतरी आठ गरुधम्मांचं, म्हणजे भिक्खुणींवर घातलेल्या आठ नियमांचं काढणारच, दीक्षा घेऊन शंभर वर्षं झालेल्या भिक्खुणीनं आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन का करायचं म्हणून. दाबू नका, एक अख्खा रविवार द्या त्याला.

पुढं आठवडाभर प्रत्येकीनं वहीत लिहायचं, पाणी कधी आलं, किती हंडे, कोण गेलं. त्यावरून वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या, नुसतं 'बघतो' ऐकून परत येऊ नका. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अर्जावर पहिली सही पाणी भरणारीची घ्या, अध्यक्षांची नको. आमच्या अर्जावर त्या सुनेची होती, आणि खाली मावशींचा अंगठा.