थंडी सरली, आता वेळासला: कासवाची पिल्लं बघायची तर

शिमगा जवळ आला, पहाटेचा गारवा ओसरू लागला की माझा जीव वेळासच्या वाळूत अडकतो. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या थंडीत रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पिल्लं बाहेर पडतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. पूर्वी इथे अंडी सर्रास पळवली जायची. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. आज तीच माणसं आपल्याला पिल्लं दाखवतात.

१. सुट्टी बघून नव्हे, घरटी बघून तारीख ठरवा. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावकरी, ती अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत, तशाच खड्ड्यात पुरतात आणि अंडी सापडल्याची तारीख लिहून ठेवतात. त्या तारखेत पन्नास दिवस मिळवा. ऊन वाढलं की चार-पाच दिवस कमी लागतात. निघायच्या आधी ज्यांच्या घरी उतरणार असाल त्यांना फोन करून एवढंच विचारा: 'पन्नाशीला आलेली घरटी किती?' मी पहिल्यांदा हे न विचारता गेलो आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा, घरट्यावर पालथी घातलेल्या टोपलीखाली एकही पिल्लू न दिसता परतलो.

२. दोन रात्री तरी राहा. पिल्लं सोडतात ती सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. दोन मुक्कामांत तीन-चार संधी मिळतात. जेवण-राहणं गावातल्याच घरांत होतं. पैसा तिथेच राहतो म्हणून घरटीही राहतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. अर्धा तास आधी पोचा, दोरीमागे बसा. बसाच, कारण उभं राहून काही दिसत नाही. टोपली उचलली की आधी नुसती वाळू हलल्यासारखी वाटते. मग बोटाच्या दोन पेरांएवढं, कोळशासारखं काळपट पिल्लू मान वर काढतं. डोळ्यांवर वाळू चिकटलेली असते. चार पावलं टाकतं, थांबतं, पुन्हा निघतं. लाट एकदा त्याला उलटं मागे फेकते, ते सरळ होतं आणि पुन्हा पाण्याकडेच वळतं. या चालीत मदत करायचा मोह होतो. करू नका. वन्यजीव कायद्याने कासवाला हात लावायला बंदी आहे आणि ही चाल पिल्लाला स्वतःच चालायची असते.

४. फ्लॅश, विजेरी, मोबाईलचा दिवा बंद. पिल्लू उजेडाकडे जातं. अंधारात ते समुद्राच्या चमकेकडे वळतं, दिव्याने मात्र उलट्या दिशेला भरकटतं. दोरीच्या पुढे पाऊल टाकू नका. पावलाच्या खड्ड्यात पिल्लू अडकतं.

५. मधल्या वेळात सुरूच्या झाडांवर नजर ठेवा. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, ज्याला काकण म्हणतात, या भागात दिसतो. ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी मांडणारे खेकडेही बघा. पावलाची चाहूल लागली की ते बिळात जातात. दहा मिनिटं न हलता बसलात तर एकेक करून वर येतात.

निघताना उरलेल्या घरट्यांच्या तारखा विचारून वहीत उतरवून घ्या. एखाद्याला चाळीस दिवस झाले असतील तर पुढच्या शनिवारची खोली तिथल्या तिथे सांगून ठेवा.