इनक्युबेटरमधून कारखान्याच्या गेटपर्यंत: नागपुरातल्या नव्या उद्योजकांसाठी

इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना जागा, मार्गदर्शन आणि निधी मिळवून देणाऱ्या केंद्रात, अर्ज करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, निधी किती मिळेल? त्याआधी विचारा, इथून कोणत्या कारखान्यात शिरता येईल? हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसी, मिहान (विमानतळाजवळचं उद्योग केंद्र), वेकोलि (सरकारी कोळसा कंपनी) आणि मॉयल (सरकारी मँगनीज कंपनी) यांची मुख्यालयं, नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्था, एवढं सगळं नागपुरात नि आसपास आहे. पण अनोळखी माणूस गेटवरच्या रजिस्टरपाशी अडतो. इनक्युबेटरच्या मॅनेजरने आधी फोन केला असेल तर गेटपास तयार मिळतो.

मोठ्या कंपनीत शिरायची दारं दोन, आणि ती वेगवेगळी आहेत हे सुरुवातीलाच समजून घ्या. पहिलं सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक या क्षेत्रांतल्या सरकारी निधीवरच्या इनक्युबेटरना ती देता येते. म्हणजे हा पैसा इनक्युबेटरकडे येतो, त्यातून प्रयोगशाळा नि यंत्रं उभी राहतात. दुसरं दार खरेदी विभागाचं, आणि तुमचा धंदा तिथून सुरू होतो. नवखी मंडळी सीएसआर अधिकाऱ्यापुढे सादरीकरण करून येतात. तो मनापासून कौतुक करतो, पण ऑर्डर काढणं त्याच्या हातात नसतं. इनक्युबेटरला सांगून मेंटेनन्स किंवा प्रॉडक्शन मॅनेजरची भेट मागा. मशीन बंद पडलं की ज्याला रात्री फोन येतो, तोच तुमचा खरा गिऱ्हाईक.

भेटीला जाताना पायलटचा, म्हणजे कारखान्यातल्या छोट्या चाचणीचा, एक पानी मसुदा सोबत ठेवा: कोणतं एकच मशीन, किती आठवडे (८ ते १२ पुरेत), काय मोजणार, कोणता आकडा आला तर यशस्वी म्हणायचं, डेटा कुणाचा, आणि यश आलं तर पुढची ऑर्डर किती नगांची. फी लिहाच, थोडी का असेना. फुकटच्या पायलटला कंपनीत कुणी वाली नसतो. मॅनेजरची बदली झाली की तुमची सेन्सरची डबी मशीनवर धूळ खात पडते. फी असली की पीओ (खरेदी आदेश) निघतो, व्हेंडर कोड (कंपनीच्या पुरवठादार यादीतला क्रमांक) मिळतो, आणि पुढच्या ऑर्डरचं निम्मं कागदकाम तिथेच उरकतं.

पायलट हिवाळ्यात यशस्वी झाला म्हणून निश्चिंत होऊ नका. डबीतल्या बॅटरीचे लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात, आणि मे महिन्यात नागपूरची हवाच कधी कधी तेवढी तापते. शेडच्या पत्र्याखाली, मोटरला चिकटवलेल्या बंद प्लॅस्टिकच्या डबीत तापमान त्याहून वर जातं. सेल फुगतो, गोंद सुटतो, रीडिंग भरकटतं, आणि दोष मात्र तुमच्या सॉफ्टवेअरला लागतो. शक्य असेल तिथे थेट वीज घ्या, डबी स्क्रूने बसवा, चाचणीत एप्रिल-मे येऊ द्या.

खाणीसाठी काही बनवत असाल तर आणखी एक अडचण. भूमिगत कोळसा खाणीत विजेचं उपकरण न्यायला खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता लागते, आणि त्यात बराच वेळ जातो. सुरुवात वर्कशॉप किंवा वजनकाट्यापासून करा.

आता निधीचं. २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत इनक्युबेटरमार्फत प्रोटोटाइप आणि चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे) कर्जरोखे अशी सोय ठेवली. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यता हवी आणि अर्जाच्या वेळी कंपनी २ वर्षांहून जुनी नको, म्हणून कंपनीच्या नोंदणीची घाई करू नका. अनुदान टप्प्याटप्प्याने मिळतं, त्यामुळे पायलटचे टप्पे आणि हप्त्यांचे टप्पे सारखेच लिहा. अर्ज सध्या सुरू आहेत का, ते पोर्टलवर पाहून घ्या.

शेवटी वसुली. पीओ निघण्याआधी उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. हे दिवस माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून मोजतात. म्हणून काम संपलं त्याच दिवशी तारखेसह स्वीकृतीची सही घ्या, आणि एक प्रत इनक्युबेटरच्या फाइलला लावा.