क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' कसा ऐकायचा (शफल बंद करून)

क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड ऐकायचाय पण एवढे अल्बम आहेत की कुठून सुरू करू कळत नाही, असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून १९८१ चा ग्रेटेस्ट हिट्स सांगतो. काही कट्टर मंडळी नाकं मुरडतात, कंपायलेशन (आधीच आलेली गाणी एकत्र केलेलं) हा काय अल्बम असतो का वगैरे. मुरडू देत, ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच आहे आणि २०२२ मध्ये तिथे त्याने ७० लाखांचा टप्पा ओलांडलाय.

आधी एडिशन बघून घ्या. ब्रिटिश एडिशनमध्ये १७ गाणी आहेत, पहिलं बोहेमियन रॅप्सडी आणि शेवटचं वी आर द चॅम्पियन्स, तीच घ्या. अमेरिकेत त्याच वर्षी निघालेली १४ गाण्यांची होती आणि त्यात अंडर प्रेशर होतं, त्यामुळे जुनी रेकॉर्ड किंवा कॅसेट हाताला लागली तर मागची यादी वाचा, नाव सेम असलं तरी माल वेगळा निघतो.

मग अॅपमध्ये शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) बंद आणि क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणं) शून्यावर. गाणी सालाप्रमाणे लावलेली नाहीयेत, १९७५ नंतर लगेच १९८० येतं, पण क्रम नीट विचार करून लावलाय. फॅट बॉटम्ड गर्ल्स आणि बायसिकल रेस लागोपाठ आहेत कारण ती १९७८ ला एकाच सिंगलवर (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) आली होती आणि दोन्ही गाणी एकमेकांचा उल्लेख करतात, शफलवर ही गंमत गेलीच म्हणून समजा.

पहिल्यांदा सलग तासभर नुसतं ऐका, काही शोधत बसू नका. दुसऱ्या वेळी मात्र कुठलं गाणं कोणी लिहिलंय हे समोर ठेवा, खरी मजा इथे आहे. १७ पैकी १० गायक फ्रेडी मर्क्युरीची, ५ गिटारवाल्या ब्रायन मेची, २ जॉन डीकनची, ड्रमर रॉजर टेलरचं एकही नाही (त्याचं रेडिओ गागा ग्रेटेस्ट हिट्सच्या दुसऱ्या भागात येतं). डीकन म्हणजे कोपऱ्यात शांत उभा राहणारा बेसवाला, पण अनदर वन बाइट्स द डस्ट त्याचंच, हेडफोन लावून फक्त बेस पकडा, अख्खं गाणं त्याच्यावर उभं आहे हे लक्षात येईल. समबडी टू लव्हमध्ये मोठ्ठा कॉयर गातोय असं वाटतं ना, ते फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर तिघांचेच आवाज थरावर थर रेकॉर्ड केलेले आहेत. आणि वी विल रॉक यू, लाखो वेळा कानावर पडलेलं, ते एकदा ड्रम शोधत ऐका. नाहीच सापडणार! पाय आपटणं, टाळी आणि आवाज, एवढंच, गिटार येते ती थेट शेवटाकडे.

आपल्याकडच्या लोकांनी अजून एक लक्षात ठेवा, हा फ्रेडी म्हणजे झांझिबारला जन्मलेला पारशी फारूख बलसारा, शाळा पाचगणीला सेंट पीटर्स, शाळेतल्या बँडचं नाव द हेक्टिक्स, तिथे तो पियानो वाजवायचा. त्यामुळे किलर क्वीनचा पियानो ऐकताना मला उगाच भारी वाटतं, काय करणार.

आता पुढे कुठे जायचं ते आवडलेल्या गाण्यावरून ठरवा. किलर क्वीन आणि नाऊ आय एम हिअर आवडली तर शीअर हार्ट अटॅक, बोहेमियन रॅप्सडीत अडकलात तर अ नाइट अॅट द ऑपेरा, आणि अनदर वन, सेव्ह मी, प्ले द गेम असं जमत असेल तर द गेम, कारण त्या एका अल्बममधली चार गाणी इथे घेतलीयेत. फ्लॅश मात्र सिनेमासाठीचं आहे, मध्येच डायलॉग येतात, पहिल्यांदा विचित्र वाटलं तर स्किप मारा, कोणी रागावणार नाही.

दुसरा भाग, ग्रेटेस्ट हिट्स टू, ऑक्टोबर १९९१ चा, म्हणजे फ्रेडी जायच्या जेमतेम महिनाभर आधीचा, तो पहिला पचल्यावरच घ्या कारण आवाज बदललेला आहे, सिंथ (सिंथेसायझर) बराच आहे. १९९९ चा तिसरा भाग शेवटी ठेवा, त्यात बाकीच्या गायकांबरोबरची आणि फ्रेडीची सोलो गाणीही बरीच आहेत, नाही ऐकला तरी चालेल.